खिंडीतली बत्ती

भिंतीत खुंट्या दोन होत्या आणि बत्ती एक. बत्तीखाली रॉकेलचा डबा, पाऊण भरलेला. स्पिरिटची बाटली. तोटी साफ करायची पिन. जाळ्यांचं पाकीट, त्यात चार जाळ्या. फडक्यात गुंडाळलेली जास्तीची काच, तडा न गेलेली. दुसऱ्या खुंटीखाली काहीच नव्हतं. जमिनीवर रॉकेलचा जुना गोल डाग तेवढा होता.

“झालं मोजून?” जाईबाई दारातून म्हणाली. “आता बाहीर ये. ते मोज.”

जाईबाई माझी मोठी बहीण. १९६४ चा जानेवारी चालू होता. मी अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. तिचा निरोप आला तसा रजा टाकली आणि अकोटमार्गे हिवरखेडला उतरून, पुढे सायकलीने तिच्या गावी पोचलो. गाव सातपुड्याच्या पायथ्याकडे. तिच्या अंगणातून उत्तरेला पाहिलं की आधी तिचं शेत, मग पडीक रान आणि सहा मैलांवर डोंगराची काळी भिंत. त्या भिंतीत बरोबर समोर एक खिंड आहे.

दिवेलागणीची वेळ होती. खिंडीत उजेडाचा एक ठिपका होता. पांढरा, न लुकलुकणारा. कंदिलाचा पिवळेपणा त्यात नव्हता.

“त्यायचीच बत्ती हाये,” जाईबाई म्हणाली.

तिचे यजमान देवमन गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे. लग्नं, भजनं, भीमजयंतीची मिरवणूक, पंचक्रोशीत कुठेही रात्रीचा कार्यक्रम असला की देवमनभाऊजी डोक्यावर बत्ती घेऊन हजर. दोन्ही बत्त्या त्यांनी एकाच दिवशी अकोल्याच्या एकाच दुकानातून घेतल्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. डिसेंबरात घाटावरच्या एका गावी लग्न होतं. दोन्हींपैकी एक बत्ती घेऊन ते गेले. वरात आटोपल्यावर तिथल्या माणसांनी राहा म्हटलं, तर पेटती बत्ती तशीच डोक्यावर घेऊन आडवाटेने उतरायला लागले. ते घरी आले नाहीत. गावाने आठवडाभर जंगल पालथं घातलं. काच सापडली नाही, चप्पल सापडली नाही, काहीच सापडलं नाही.

आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात हा उजेड दिसायला लागला. रोज दिवेलागणीला, अर्धा तास. अंधार पुरता पडला की जायचा.

जाईबाईचे सासरे डोमाजी खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, “मास्तर, तुमच्या बहिणीले समजावा. माघी पुनवेले भन्तेजीले बलावून जलदान विधी करून टाकू म्हटलं, तं हे आडवी. पोरगं माह्यं गेलं, अन् मी करू म्हणतो, अन् हे नाई म्हणते.”

“मामाजी, जित्या माणसाच्या नावानं पाणी सोडता काय?”

“जिता असता तं सहा मैल उतराले हप्ते लागते?”

“पाय मोडला असन. बसत बसत येऊन राह्यले असन. रोज उजेड मोठा होते, मामाजी. मोठा होते म्हंजे जवळ येते. तुमाले दिसत नाई, मले दिसते.”

“मले मोतीबिंदू हाये, बाप्पा.”

शेजारची गोदाबाई कुंपणावरून म्हणाली, “दोघांत लागली की मास्तर आले जज्जावानी तारीख द्याले.” कोणी हसलं नाही.

जाईबाई माझ्याकडे वळली. “धर्मपाल, तू ताऱ्यायचं अंतर सांगतं. मले या बत्तीचं सांग. जवळ येऊन राह्यले की नाई, एवढंच. तू म्हणशील ते मी ऐकीन. मामाजी बी ऐकतीन.”

डोमाजींनी मान हलवली. “ऐकीन.”

माझ्यापुढे काम काय आहे ते मला तेव्हाच स्पष्ट दिसलं. कॉलेजात त्या महिन्यात मी विद्यार्थ्यांसाठी एक व्याख्यान तयार करत होतो आणि त्याचा विषय नेमका हाच होता. ज्या दिव्याचा खरा उजेड ठाऊक आहे, तो दिवा किती मंद दिसतो त्यावरून त्याचं अंतर काढता येतं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. अट एकच, दिवा ओळखीचा पाहिजे. आणि खिंडीतल्या बत्तीची जुळी बहीण माझ्यासमोर खुंटीला होती.

दुसऱ्या दिवशी मी पत्र्याच्या डब्याला बारीक सुईने भोक पाडलं. जाईबाईच्या बत्तीवर तो डबा चढवला की जाळीच्या उजेडाचा दहा हजारावा भाग तेवढा भोकातून बाहेर येई. बत्ती शेताच्या उत्तर टोकाला खांबावर टांगायची. पाहणाऱ्याने खांबापासून मागे मागे सरकत यायचं. भोकाचा ठिपका आणि खिंडीतला ठिपका जिथून सारखे दिसतील तिथे थांबायचं. खांबापासून तिथवरचं अंतर मोजायचं आणि त्याला शंभराने गुणायचं. खिंडीतली बत्ती तेवढी लांब.

बत्ती पेटवायचं काम जाईबाईचं. तिने स्पिरिट ओतलं, काडी लावली, जाळी पांढरी झाली तशी पंप मारायला लागली.

“थांबून थांबून पंप माराच लागते,” ती म्हणाली. “हवा सरली की बत्ती बसते. मंग जवळ असली तरी दूरची वाटते. घडीघडी हवा भरू, नाईतं तुह्यं मोजमाप चुकन.”

ते बरोबर होतं. आमच्या बत्तीची हवा मोजमाप होईपर्यंत आम्ही कमी होऊ दिली नाही.

संध्याकाळी ठिपका आला. मी मागे सरकत गेलो आणि थांबलो. दोरीच्या गाठी मोजल्या. दोनशे नव्वद फूट. शंभर पटीने एकोणतीस हजार, म्हणजे साडेपाच मैल. डोंगर सहा मैलांवर.

“खिंडीतून खाली उतरले,” जाईबाई म्हणाली. जिथे मी थांबलो होतो तिथे तिने एक दगड ठेवला.

तिसऱ्या संध्याकाळी दोनशे ऐंशी. तिने दुसरा दगड ठेवला, दहा फूट पुढे.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण एका पद्धतीने काढलेल्या उत्तरावर थांबू नये असं आम्हाला शिकवलेलं आहे, म्हणून मी कॉलेजातून आणलेलं होकायंत्र काढलं. जाईबाईच्या अंगणापासून बरोबर पूर्वेला, गाडवाटेने सरळ, खुशालरावांची विहीर आहे. सायकलच्या चाकाचे फेरे मोजून ते अंतर मी आदल्या दिवशीच काढलं होतं. एक मैल. एकच वस्तू दोन टोकांवरून पाहिली की ती वेगवेगळ्या दिशेला दिसते, जवळ असेल तर फरक मोठा, लांब असेल तर छोटा. इथे ना दिव्याची ओळख लागते, ना उजेडाची. साडेपाच मैलांवरच्या दिव्यासाठी फरक दहा अंशांच्या आसपास यायला हवा.

अंगणातून ठिपका बरोबर उत्तरेला होता. आमच्या गाडवाटेशी नव्वद अंशांचा कोन. मी सायकल मारत विहिरीवर गेलो आणि पुन्हा पाहिलं.

नव्वद अंश.

माझ्या यंत्रावर अर्ध्या अंशापर्यंत वाचता येतं. अर्ध्या अंशाइतकाही फरक नाही, याचा अर्थ तो उजेड एकशे पंधरा मैलांच्या आत नव्हता. नर्मदा त्याच्या अलीकडे येते. मी डोळे मिटून घेतले, उघडले, पुन्हा वाचलं. तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. विहिरीवरून खिंड माझ्या डाव्या हाताला सरकली होती, सरकायलाच हवी होती. ठिपका सरकला नव्हता. तो आता खिंडीत नव्हता. सलग काळ्या डोंगराच्या अंगावर होता. एकशे पंधरा मैलांच्या पलीकडची वस्तू, सहा मैलांवरच्या डोंगराच्या अलीकडे.

सकाळी उजाडल्यावर पुन्हा विहिरीवर जाऊन मी खात्री करून घेतली. त्या जागी डोंगर सलग आहे. फट नाही.

घरी येऊन मी दोघांना जे आहे ते सांगितलं. दोन्ही मोजमापं, आणि डोंगराचंही.

डोमाजींनी तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाले, “म्हंजे एक पट्टी म्हणते साडेपाच मैल अन् दुसरी म्हणते नर्मदेच्या पार. मास्तर, तुमच्या कॉलेजात दोन पट्ट्या ठेवतातच कायले?”

“दुसरी पट्टी ताऱ्यायची हाये,” मी म्हटलं. “इतका लांब असन तं तो ताराच.”

“अन् तारा डोंगराच्या अल्याड?” जाईबाई म्हणाली.

“ते मले नाई समजलं, बाई.”

“तारा कावून मोठा होईन रोज?”

मी तिला सांगायला लागलो. काही तारे जळून संपलेले असतात. आकार पृथ्वीएवढा, वजन सूर्याएवढं. त्यांना श्वेत बटू म्हणतात. आतला विस्तव विझलेला असतो, उरलेल्या उष्णतेवर नुसते गार होत पडलेले असतात. पण काहींच्या शेजारी दुसरा, जिता तारा असतो. काही शास्त्रज्ञांचा तर्क असा आहे की विझलेला तारा जोडीदाराच्या अंगावरचा वायू ओढून घेतो. त्याचं वजन वाढत जातं. एका ठराविक वजनाला आला की तो पेटतो, सगळाच्या सगळा, एकदम. त्याला सुपरनोव्हा म्हणतात. वजन ठराविक, म्हणून प्रत्येकाचा उजेडही जवळजवळ सारखा. एकाच दुकानातून घेतलेल्या बत्त्यांसारखा. त्यावरून लांबलांबच्या आकाशगंगांची अंतरं काढता येतील, असं आता बोललं जातं.

“मेलेला?” जाईबाई म्हणाली. “अन् जोडीदाराचं ओढून घेते?”

“हो.”

“अन् जोडीदाराचं काय होते मंग?”

“ते अजून कोणाले नीट ठाऊक नाई.”

तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला.

मग मी एक कसोटी सुचवली. असा तारा आधी उजळत जातो, दोन-अडीच आठवडे. एका जागी थांबतो. मग मंद व्हायला लागतो, आणि मंद होण्याची त्याची चाल ठरलेली असते. माणूस बत्ती घेऊन घराकडे येत असेल तर उजेड दारापर्यंत वाढतच जाईल. म्हणून रोज संध्याकाळी जाईबाईने तसंच मोजायचं आणि थांबेल तिथे दगड ठेवायचा. पुनवेपर्यंत दगड खांबाकडे सरकत राहिले, तर विधी नाही. दगड मागे फिरले, तर विधी.

“पण दगड हेच ठेवन?” डोमाजींनी विचारलं. “मले दिसत नाई. हिनं पुढंच ठेवले तं?”

“ठेवू का?” जाईबाई म्हणाली. “मले काय खोट्या दगडासंगं संसार करा लागते?”

मी अमरावतीला परत गेलो. व्याख्यान दिलं. फळ्यावर काढलेली सुपरनोव्हाची वक्ररेषा पुसायला मला त्या दिवशी बराच वेळ लागला.

पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी मी पुन्हा गावी पोचलो. घरात न जाता आधी शेतात गेलो. कापूस वेचून पऱ्हाटी उपटून झाली होती आणि मोकळ्या काळ्या मातीत दगडांची रांग लांबूनच दिसत होती. पहिले दोन दगड माझ्या मोजमापाचे, दोनशे नव्वद, दोनशे ऐंशी. तिथून रांग खांबाकडे गेली होती, आधी हळू, मग दगडादगडात मोठी अंतरं टाकत, मग पुन्हा हळू. खांबापासून नव्वद फुटांवर तीन दगड एकमेकांना चिकटून होते. आणि त्या तिघांच्या डाव्या हाताला, गोंधळ होऊ नये म्हणून एक पाऊल सोडून, दुसरी रांग मागे यायला लागली होती.

तिने एकही दगड चुकीचा ठेवला नव्हता. मी अंतरं मोजून उजेडाचं प्रमाण काढलं. वाढ, थांबा, उतार. फळ्यावर मी काढली होती तीच रेषा.

जाईबाई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. मी वळलो आणि क्षणभर तिला ओळखलं नाही. गालांची हाडं वर आली होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. दोन आठवड्यांत ती अर्धी झाली होती.

“बाई, जेवत नाईस काय?”

“जेवतो की. दोन वेळा जेवतो.” ती दगडांकडे पाहत होती. “मागं फिरले ना?”

“फिरले.”

“मले ठाऊक हाये. मीच ठेवले.” मग म्हणाली, “तिथं नव्वद फुटावर तीन दिवस थांबले. दीड-दोन मैलावर. मले वाटलं दम खाऊन राह्यले. मी दोन्ही वेळा ताट वाढून ठेवलं.”

डोमाजींना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ते सुटल्यासारखे दिसतील. तसं झालं नाही. त्यांनी कपाळावरून हात फिरवला आणि विचारलं, “पक्कं?”

“उजेडाच्या चालीवरून पक्कं. त्या डोंगराचं कोडं तेवढं सुटलं नाई.”

“ते सुटू नका देऊ,” म्हातारा म्हणाला. “एवढं तं राहू दे आमाले.”

पुनवेला सकाळी विधी झाला. हिवरखेडहून भन्तेजी आले. देवमनभाऊजींचा फोटो नव्हता, म्हणून पाटावर पांढऱ्या कापडाची घडी ठेवली आणि तिच्यापुढे मेणबत्ती. त्रिशरण झालं, पंचशील झालं. तांब्यातलं पाणी डोमाजींनी आणि जाईबाईने मिळून धरलं आणि वाटीत सोडलं. वाटी भरली, ओसंडली, पाणी ताटात आलं. जाईबाईचा हात शेवटपर्यंत हलला नाही. माणसं जेवून गेली. गोदाबाईने भांडी घासली.

संध्याकाळी मी अंगणात बसलो होतो. जाईबाई चुलीपाशी होती. तिने बाहेर यायचं नाही असं ठरवलं असावं. पूर्वेला चंद्र वर येत होता आणि रिकामं शेत हळूहळू उजळत होतं; दगडांना सावल्या फुटत होत्या.

“मास्तर,” डोमाजी खाटेवरून म्हणाले. “हाये का?”

मी उत्तरेला पाहिलं. होता. बराच मंद झाला होता आणि पांढरेपणा जाऊन त्यात लालसर झाक आली होती.

“हाये.”

“खिंडीतच ना?”

मी पुन्हा नीट पाहिलं. दिशा तीच होती, बरोबर उत्तर. पण तो खिंडीत नव्हता. खिंडीच्या खाली आला होता, डोंगराच्या पायाशी जिथे रान सुरू होतं तिथे.

“खाली हाये,” मी म्हटलं.

डोमाजी उठून बसले. “बत्ती कोठी हाये? आपली?”

मी आत गेलो. बत्ती पहिल्या खुंटीला होती. हात लावून पाहिला. टाकी गार, काच गार. आदल्या संध्याकाळनंतर ती कोणी पेटवली नव्हती. जाईबाईने चुलीजवळून मान वर केली.

“काय झालं?”

“काई नाई. एक कोन घेतो फक्त.”

ती उठली. दुसऱ्या खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “लालसर दिसते काय?”

“हो.”

“हवा सरली का अशीच दिसते,” ती म्हणाली.

अंगणातून मी होकायंत्र धरलं. नव्वद अंश. सायकल घेतली आणि गाडवाटेने विहिरीकडे निघालो. वाटेत उत्तरेकडे पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं; पाहिलं तर सायकल वाटेवर राहिली नसती. विहिरीवर पोचलो, धाप जाऊ दिली आणि पहिल्यासारखा उत्तरेला तोंड करून उभा राहिलो.

उत्तरेला काहीच नव्हतं. डोंगर सलग काळा होता. खिंड डाव्या हाताला होती, तीही रिकामी. मी सावकाश डावीकडे वळत गेलो. डोंगर संपला, रान संपलं, गावची बाभळीची राई आली. चंद्र माझ्या पाठीशी होता आणि समोरचं सगळं रान इतकं स्वच्छ दिसत होतं की बांधावरचं झुडूपही मोजता आलं असतं. रानात माणूस नव्हता, जनावर नव्हतं.

उजेड तिथे होता. जवळजवळ गावाच्या रेषेत, जमिनीपासून माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. जाईबाईच्या शेताच्या उत्तर बांधाच्या थोडा पलीकडे.

मी होकायंत्र कठड्यावर टेकवलं, म्हणजे हात हलणार नाही. तीनदा वाचलं. तिन्ही वेळा एकच आकडा आला.

अंगणाकडचा कोन नव्वद अंश. विहिरीकडचा कोन साडेचार अंश. पायाभूत रेषा, अंगण ते विहीर, पाच हजार दोनशे ऐंशी फूट. अंगणापासून उजेडाचं अंतर चारशे पंधरा फूट.